शंभरापैकी किती? कार्यक्षमता मोजण्याचं आणि क्रम लावण्याचं गणित

आजचा विषय ऐकून काही जणांनी दारातच विचारलं की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, मग हे गणित कुठून काढलंत? उत्तर सोपं आहे. ‘अमुक संस्था तमुक संस्थेपेक्षा चांगली’ हे विधान तत्त्वज्ञानाचं आहे. त्याला आकडा चिकटवला की ते गणिताचं दिसायला लागतं, एवढंच. फळ्यावर गणित करू, पण बेरीज, भागाकार आणि एक आलेख यापलीकडे जाणार नाही.

सुरुवात विहिरीवरच्या पंपापासून करू. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के म्हणजे काय? वीज म्हणून जेवढी ऊर्जा घातली, त्यातली शंभरातली साठ पाणी वर चढवण्यात कामी आली. इथं दोन गोष्टी आपल्याला फुकट मिळाल्या आहेत. घातलेलं आणि निघालेलं दोन्ही एकाच मापात आहे, म्हणून भागाकार करता येतो. आणि शंभराची मर्यादा निसर्गानं घालून दिलेली आहे, ती कुठल्या समितीनं ठरवलेली नाही.

आता पंपाच्या जागी शाळा घ्या. घातलं काय? शिक्षक, खोल्या, पालकांचा वेळ. निघालं काय? वाचता येणारी मुलं, गणित येणारी मुलं, आत्मविश्वास असलेली मुलं. यातल्या कशालाही कशानं भागायचं? आणि शंभर टक्के शाळा म्हणजे कोणती? निसर्गानं तशी शाळा कुठं ठेवलेली नाही. पंपाकडे असलेल्या दोन्ही गोष्टी शाळेकडे नाहीत. तरीही ‘शाळेची कार्यक्षमता’ हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो.

दुसऱ्या अडचणीवर, म्हणजे शंभर कुठून आणायचे यावर, मायकेल फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये एक तोडगा मांडला. त्याचं म्हणणं असं: आदर्श कारखाना कागदावर कल्पून त्याच्याशी तुलना करू नका. तसा आदर्श अभियंते काढतात आणि तो प्रत्यक्षात कोणालाच गाठता येत नाही. त्याऐवजी प्रत्यक्षात जे आहेत त्यांच्यातले सर्वोत्तम कोण ते बघा आणि त्यांना शंभर माना. उदाहरण म्हणून त्यानं अमेरिकेतल्या राज्यांची शेती घेतली होती. म्हणजे कार्यक्षमता सापेक्ष झाली. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो त्रास देणार आहे.

पहिली अडचण, वेगवेगळी मापं, बरीच वर्षं तशीच राहिली. बाजारात भाव असतात तिथं सगळं रुपयांत मोजता येतं. पण आत्मविश्वासाचा भाव काय? हा प्रश्न अमेरिकेत सत्तरच्या दशकात खरोखरच उभा राहिला. गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा मोठा सरकारी शिक्षण कार्यक्रम चालू होता. त्यातल्या शाळा आणि कार्यक्रमाबाहेरच्या शाळा यांची तुलना करायची होती. एडवर्डो ऱ्होड्स हा विद्यार्थी कार्नेगी मेलन विद्यापीठात या प्रश्नावर पीएचडी करत होता. विल्यम कूपर त्याचे मार्गदर्शक, आणि कूपरचे जुने सहकारी अब्राहम चार्न्स. तिघांचा निबंध १९७८ मध्ये आला आणि ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ ही पद्धत जन्मली. आपण तिला डीईए म्हणू. त्या शाळांच्या अभ्यासात मिळकतीच्या बाजूला वाचन, गणित आणि स्वतःविषयीचा आदर अशी तीन मापं होती. खर्चाच्या बाजूला आईचं शिक्षण, पालकांच्या शाळाभेटी, शिक्षकांची संख्या अशी मापं होती. आईचं शिक्षण हे शाळेचं ‘भांडवल’ मानलं, हे मला फार बोलकं वाटतं. कुठल्या शाळेच्या वाट्याला कुठली मुलं येतात, हे हिशेबात धरल्याशिवाय शाळांची तुलना करू नये, एवढं शहाणपण त्यात होतं. आपल्याकडे दहावीचे निकाल टक्क्यांनी लावून शाळांची पाठ थोपटतात, तेव्हा हे शहाणपण कुणाला आठवत नाही. असो.

मग भाव कसे ठरवले? उत्तर असं की ठरवलेच नाहीत. प्रत्येक संस्थेला सांगितलं: तुझे भाव तू ठरव, तुला सगळ्यात फायद्याचे असतील ते घे. अट एकच. तेच भाव बाकी सगळ्यांना लावले तर कोणाचेही शंभराच्या वर जाता कामा नयेत. आणि उणे भाव चालणार नाहीत. एवढ्या सवलतीनंतरही तुझे शंभर होत नसतील, तर तुला तक्रार करायला जागा नाही.

न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा देतात, तसा हा प्रकार आहे. मला ही कल्पना पहिल्यांदा समजली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, खोटं सांगत नाही. ‘कशाला किती महत्त्व’ यावर माणसं शतकानुशतकं भांडतात. इथं गणितानं भांडण सोडवलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं आणि तरीही काही ठाम बोलता येईल अशी जागा शोधली.

उदाहरणाशिवाय हे हवेत राहील. समजा एका तालुक्यात पाच वाचनालयं आहेत: क, ख, ग, घ आणि च. (मधला ङ मी वगळलाय, त्याला कोणी कामाला लावत नाही.) खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट धरू, कर्मचारी. मिळकतीच्या बाजूला दोन: रोज किती पुस्तकांची देवघेव होते आणि अभ्यासिकेत रोज किती मुलं येऊन बसतात. सगळे आकडे दर कर्मचाऱ्यामागे काढलेले आहेत आणि ते माझ्या मनातले आहेत, कुठल्या तालुक्याचे नाहीत.

क बाजारपेठेत आहे, तिथं ४० पुस्तकं आणि १० मुलं. ग कॉलेजच्या शेजारी, तिथं १० पुस्तकं आणि ४० मुलं. ख मध्ये दोन्ही ३०-३०. घ मध्ये दोन्ही २०-२०. आणि च मध्ये २८ पुस्तकं, १६ मुलं.

आता आलेखाच्या कागदावर आडवी पुस्तकं, उभी मुलं, असे पाच ठिपके काढा. प्रत्येक ठिपक्यावर टाचणी टोचा आणि बाहेरच्या बाजूनं दोरा ताणून गुंडाळा. दोरा क, ख आणि ग या तीन टाचण्यांना लागेल. घ आणि च आत राहतील. हा दोरा म्हणजेच ‘एन्व्हलप’, पाकीट. दोऱ्यावर असलेले शंभर टक्के. आतल्यांची कार्यक्षमता काढायची तर उगमबिंदूपासून त्या टाचणीतून जाणारी रेघ दोऱ्यापर्यंत वाढवायची आणि किती वाट चालून झाली ते मोजायचं.

घ ची रेघ थेट ख वर पोचते. २० भागिले ३०, म्हणजे ६७ टक्के. आता घ चे ग्रंथपाल म्हणतील, ‘आमच्याकडे पुस्तकांना जास्त महत्त्व आहे.’ ठीक, पुस्तकाला दोन गुण आणि मुलाला एक गुण द्या. घ चे ६० झाले, ख चे ९०. पुन्हा ६७ टक्केच. ‘बरं, मुलांना जास्त महत्त्व द्या.’ उलटं करा, तरी ६० आणि ९०. नुसती पुस्तकंच मोजली तर क शी तुलना होते आणि ५० टक्क्यांवर घसरण. कुठूनही पळायला वाट नाही.

च ची गोष्ट जास्त मजेची आहे. त्याची रेघ वाढवली की ती क आणि ख यांच्यामध्ये बरोबर मधोमध दोऱ्याला भिडते, ३५ पुस्तकं आणि २० मुलं या बिंदूवर. २८ ला ३५ नं भागा किंवा १६ ला २० नं, उत्तर तेच, ८० टक्के. पण त्या बिंदूवर प्रत्यक्षात कोणतंही वाचनालय नाही! तिथं आहे एक काल्पनिक वाचनालय, अर्धं क सारखं चालणारं आणि अर्धं ख सारखं चालणारं. च च्या चालकांना पद्धत सांगते: तुम्हाला ग कडून शिकण्यासारखं काही नाही, क आणि ख कडे जा, चार दिवस बसून बघा ते काय करतात. माझ्या मते डीईएचा खरा उपयोग हा आहे. टक्केवारी दुय्यम आहे, कोणाकडे बघून शिकायचं ते सांगणं मोलाचं.

संगणक हेच काम लिनियर प्रोग्रॅमिंगनं करतो. दोनच्या जागी दहा मापं असली की टाचण्या टोचता येत नाहीत, पण कल्पना हीच. १९८४ मध्ये राजीव बँकर यांनी चार्न्स आणि कूपर यांच्याबरोबर यात सुधारणा केली: लहान संस्थेची तुलना तिच्याएवढ्याच आकाराच्या संस्थांच्या मिश्रणाशी व्हावी. दोन खोल्यांच्या वाचनालयाला जिल्हा ग्रंथालयाच्या तराजूत टाकू नये, हे आपल्यालाही पटतं.

आता त्रासाकडे येतो. मघाशी म्हटलं की सापेक्ष हा शब्द लक्षात ठेवा. समजा ख चे ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरली नाही आणि ख बंद पडलं. दोरा आता क पासून सरळ ग पर्यंत जाईल. च चा आकडा पुन्हा काढा: ८८ टक्के. घ चा ८०. तालुक्यातलं सगळ्यात गुणी वाचनालय बंद पडलं आणि उरलेल्यांची कार्यक्षमता अहवालात वाढली. च मध्ये एक पुस्तक जास्त गेलं नाही, घ मध्ये एक मूल जास्त आलं नाही. हा गणिताचा दोष नाही. गणितानं जे मोजायचं कबूल केलं होतं तेच मोजलं. पण मंत्रालयात बसलेला माणूस ‘सरासरी कार्यक्षमता सुधारली’ असं वाचतो, त्याला हे कोण सांगणार?

दुसरा त्रास. एखादं वाचनालय फक्त ४१ पुस्तकं देतं आणि अभ्यासिकेला कुलूप लावतं. मुलांना शून्य भाव दिला की तेही शंभर टक्के. सवलतीचा गैरफायदा घेता येतो. म्हणून पुढच्या संशोधकांनी भावांना खालच्या आणि वरच्या मर्यादा घातल्या, म्हणजे मुलांना किमान इतकं महत्त्व द्यावंच लागेल. पण मग त्या मर्यादा कोण ठरवणार? दारातून बाहेर काढलेलं भांडण खिडकीतून आत आलं.

आणि तिसरा त्रास असा की आपल्याला क्रम हवा असतो. आमच्या उदाहरणात तिघे शंभर. पहिला कोण? पद्धत म्हणते, मी सांगू शकत नाही. वर्तमानपत्राला हे उत्तर चालत नाही. म्हणून १९९३ मध्ये अँडरसन आणि पीटरसन यांनी युक्ती काढली: ज्याला मोजायचं त्याला दोऱ्यातून वगळा, उरलेल्यांचा दोरा काढा आणि हा त्याच्या किती बाहेर जातो ते बघा. आपल्या आकड्यांवर करून पाहू. ख ला वगळलं तर त्याचे येतात १२० टक्के. क ला वगळलं तर १३३. ग लाही १३३. म्हणजे दोन्ही कामं नीट करणारं ख तिसरं आलं आणि एकाच बाजूला टोकाला गेलेली दोघं वर! हे गणित चूक आहे का? नाही. ‘तुझ्यावाचून आमचं किती अडेल’ या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर आहे. पण अनुदान कोणाला द्यावं, हा तो प्रश्न नव्हता.

जाता जाता सांगतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानित वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असतात आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. पुष्कळ लोक वर्ग पद्धतीला हसतात, जुनाट म्हणतात. मला ती क्रमवारीपेक्षा प्रामाणिक वाटते. ‘हे दोन्ही ब वर्गात’ म्हणताना आपण कबूल करतो की यांच्यातला बारीक फरक आम्हाला कळत नाही. वर्ग ठरवण्याचे निकष बरोबर आहेत का, हा वेगळा मुद्दा.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. संस्था नव्हे, पर्याय. पाच निविदांतली कोणती, चार जागांपैकी कोणत्या जागेवर दवाखाना, तीन उमेदवारांपैकी कोण. इथं सगळ्यांसाठी एकच भाव लागतात, कारण निवड एकाच मालकाला करायची असते. सर्वांत प्रचलित पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: निकष लिहा, प्रत्येकाला टक्के द्या, गुण द्या, गुणाकार करून बेरीज. आपली एनआयआरएफ ही विद्यापीठांची क्रमवारी अशीच चालते. अध्यापन आणि साधनं ३०, संशोधन ३०, पदवीधरांचं यश २०, सर्वसमावेशकता १०, लोकमत १०.

या पद्धतीत एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही, आकडे फळ्यासाठी सोपे केलेत. अधिव्याख्यात्याची जागा होती, मी निवड समितीवर. दोन निकष, शिकवणं आणि शोधनिबंध, दोन्हींना ५० टक्के. शिकवण्याचे गुण शंभरापैकी, निबंध नुसते मोजायचे. दोन्ही एका मापात आणायचे म्हणून ठरलं की त्या निकषात जो सगळ्यांत वर त्याला पूर्ण पन्नास, बाकीच्यांना त्या प्रमाणात. अगदी न्याय्य वाटतं ना?

प यांचे शिकवण्याचे ८०, निबंध ६. फ बाईंचे शिकवण्याचे ६०, निबंध १०. ब यांचे शिकवण्याचे अवघे १६, पण निबंध २०. हिशेब करा. प: ५० अधिक १५, ६५. फ: साडेसदतीस अधिक २५, साडेबासष्ट. ब: १० अधिक ५०, ६०. प पहिले, फ दुसऱ्या, ब तिसरे. सगळ्यांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ब यांनी कळवलं की त्यांना दुसरीकडे नोकरी लागली आहे, ते येणार नाहीत. तसे ते तिसरेच होते, कोणाला काही वाटलं नाही. रात्री मी सहज कागद घेऊन बसलो आणि ब यांना वगळून हिशेब केला. आता निबंधांत सगळ्यांत वर फ बाई, १० निबंधांना पूर्ण पन्नास. प: ५० अधिक ३०, ८०. फ: साडेसदतीस अधिक ५०, साडेसत्याऐंशी. फ बाई पहिल्या.

मी तीनदा तपासलं. प यांच्यात काही बदललं नव्हतं, फ बाईंच्यात काही बदललं नव्हतं. जो माणूस येणारच नव्हता त्याच्या असण्या-नसण्यावर त्या दोघांमधला निकाल फिरत होता. सकाळी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, ‘सर, यादीवर सह्या झाल्यात, आता कशाला?’ मी गप्प बसलो. प रुजू झाले.

असं का झालं? टक्के तर कागदावर ५०-५०च होते. पण बघा, सर्वाधिक निबंध १० असतील तर एका निबंधाला ५ गुण पडतात. सर्वाधिक २० असतील तर एका निबंधाला अडीच. ब यांनी येऊन निबंधाचा भाव निम्म्यावर आणला. भाव आपण ठरवला असं आपल्याला वाटत होतं. तो ठरवत होता रांगेत कोण उभं आहे ते. टक्के लिहिणं म्हणजे भाव ठरवणं नव्हे, हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी निवृत्तीच्या जवळ आलो होतो.

हे फक्त आमच्या समितीत घडतं असं नाही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये महिलांचं फिगर स्केटिंग सगळ्या जगानं पाहिलं. तेव्हाचा नियम: छोट्या कार्यक्रमातल्या क्रमांकाची निम्मी किंमत, मोठ्या कार्यक्रमातल्या क्रमांकाची पूर्ण, बेरीज कमी तो विजेता. शेवटची स्पर्धक इरिना स्लुत्स्काया उतरण्याआधी मिशेल क्वानची बेरीज २.५ होती आणि सारा ह्यूजची ३. क्वान पुढे. स्लुत्स्काया मोठ्या कार्यक्रमात दुसरी आली, क्वान दुसऱ्यावरून तिसरी ढकलली गेली, तिची बेरीज ३.५ झाली. ह्यूज ३ वरच. सुवर्ण ह्यूजला, क्वानला कांस्य. क्वान आणि ह्यूज दोघींचं स्केटिंग संपलेलं होतं, परीक्षकांची मतं नोंदलेली होती. तिसरीच्या येण्यानं दोघींचा क्रम उलटला.

या प्रकाराला ‘क्रम-उलट’ म्हणू. थॉमस साटी हे मोसुलमध्ये जन्मलेले, अमेरिकेत काम केलेले गणिती. त्यांनी सत्तरच्या दशकात ‘ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस’ ही पद्धत आणली. तिच्यात एकदम टक्के विचारत नाहीत, जोड्या लावून विचारतात: हे त्यापेक्षा किती पट महत्त्वाचं, १ ते ९ मध्ये सांगा. माणसाच्या बोलण्यातली विसंगतीही ती मोजते. तुम्ही म्हणालात पहिलं दुसऱ्याच्या तिप्पट, दुसरं तिसऱ्याच्या दुप्पट, तर पहिलं तिसऱ्याच्या सहापट हवं. तुम्ही चौपट म्हणालात तर थोडी विसंगती. ती ठरावीक मर्यादेबाहेर गेली की पुन्हा विचार करा. सुंदर कल्पना आहे. जगभर वापरली जाते. पण १९८३ मध्ये बेल्टन आणि गिअर यांनी दाखवलं की यादीत असलेल्याच एका पर्यायाची हुबेहूब नक्कल आणून ठेवली तर पहिला आणि दुसरा उलटू शकतात.

साटींनी हार मानली नाही. त्यांचा मुद्दा असा की कधी कधी उलटणंच योग्य असतं. तो मी आपल्या भाषेत सांगतो. लग्नासाठी एक पैठणी पसंत केली, आणि दुकानात दिसलं की तशाच आणखी चार टांगलेल्या आहेत. पसंती बदलते की नाही? बदलते, आणि त्यात वेडेपणा काही नाही. मला हे पटतं, पण अर्धंच. पैठणीच्या बाबतीत ‘एकमेव असणं’ हा आपला एक निकष होता, तो आपण लिहिला नव्हता. फ बाईंच्या बाबतीत असा कोणता न लिहिलेला निकष होता? कोणताच नाही. नंतर साटींनी पद्धतीचा दुसरा प्रकारही दिला, ज्यात नक्कल आणल्यानं गडबड होत नाही.

आणखी खोलात गेलं तर १९५१ चं केनेथ ॲरोचं प्रमेय लागतं. त्याचं सार इतकंच घेऊ: निकषांना मतदार समजा. प्रत्येक निकष फक्त क्रम सांगतो, किती पट ते सांगत नाही. दोघांमधला निकाल तिसऱ्यावर अवलंबून असू नये, सगळ्या निकषांचं एकमत असेल तर ते मानलं जावं आणि एकाच निकषाची हुकूमशाही नसावी. पर्याय तीन किंवा जास्त असतील तर या साध्या अटी सगळ्या परिस्थितींत एकदम पाळणारी क्रमवारीची पद्धत अस्तित्वातच नाही. सुटायचं तर क्रमापेक्षा जास्त माहिती हवी, अर्थ असलेली मापं हवीत. ४० अंश तापमान २० अंशांच्या दुप्पट गरम नसतं, कारण शून्य कुठं ठेवायचं ते आपण ठरवलेलं आहे. तसे शिकवण्याचे ८० गुण हे ४० गुणांच्या दुप्पट आहेत का? निबंधांचा शून्य खरा शून्य आहे. शिकवण्याचा शून्य म्हणजे काय?

बेरजेची सवयही तपासायला हवी. मानव विकास निर्देशांक १९९० पासून आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची सरासरी काढत असे. २०१० मध्ये त्यांनी बेरजेची सरासरी सोडून गुणाकाराची, म्हणजे भूमितीय सरासरी घेतली. कारण बेरजेत उत्पन्न वाढवून अल्पायुष्याची भरपाई होते, पूर्ण दरानं. गुणाकारात एक बाजू फार पडकी असेल तर दुसरी तिला सहज झाकू शकत नाही. एका चिन्हाचा बदल, आणि त्यामागे ‘मरणाची भरपाई पैशानं होते का’ हा प्रश्न.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती बर्नार्ड रॉय या फ्रेंच माणसाची पद्धत, १९६८ ची, ‘एलेक्त्र’. ती बेरीज करत नाही. दोन पर्याय समोरासमोर उभे करते आणि विचारते: पुरेशा निकषांवर हा त्याच्याइतका चांगला आहे का, आणि कुठल्याही एका निकषावर हा इतका वाईट तर नाही ना की त्या निकषानं नकाराधिकार वापरावा? ब यांचे १६ गुण आठवा. तिथं नकाराधिकार लागला असता. आणि कधी कधी पद्धत उत्तर देते की या दोघांची तुलना होत नाही. पॅरिसमध्ये भुयारी रेल्वेची कोणती स्थानकं आधी दुरुस्त करायची, हे ठरवायला रॉय यांच्या गटाचं असंच काम झालं होतं. ‘तुलना होत नाही’ असं म्हणणारं गणित मी तोवर पाहिलं नव्हतं.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, मग समित्यांनी करायचं काय? क्रम तर लावावाच लागतो.

लावा. पण गुणपत्रिका हाती येण्याआधी भाव लिहून काढा, टक्के नव्हे, भाव: एक निबंध म्हणजे शिकवण्याचे किती गुण. मापपट्टीची दोन्ही टोकंही आधीच ठरवा, रांगेतल्या माणसांवरून ठरवू नका. मग निकाल लागल्यावर एकेकाला वगळून आणि भाव थोडे हलवून पुन्हा हिशेब करा. पहिला टिकला तर चांगलंच. नाही टिकला तर समितीनं बसून बोलावं, आणि जे बोललं ते लिहावं. यात फार तर एक तास जातो.

श्रोती: त्या फ बाईंना तुम्ही पुढे कधी सांगितलंत का?

नाही. त्यांना दोन वर्षांनी दुसऱ्या गावी जागा मिळाली. नंतर चर्चासत्रांत भेटायच्या, नमस्कार करायच्या, तब्येतीची चौकशी करायच्या. मी दर वेळी ठरवायचो आणि चहा घेऊन निघायचो. प यांच्याबद्दलही सांगायला हवं, ते मुलांना फार चांगलं शिकवतात. तेव्हा जागा चुकीच्या माणसाला गेली असंही मी म्हणू शकत नाही. ज्या कारणानं गेली ते कारण नव्हतं, एवढंच म्हणू शकतो.

श्रोता: डीईए घरी करून बघता येईल का? आमच्या पतसंस्थेच्या सात शाखा आहेत.

येईल. एक्सेलमध्ये ‘सॉल्व्हर’ असतो, त्यात होतं. पण शाखा सातच असतील तर मापं फार घेऊ नका, दोन-तीन पुरे. मापं वाढवली की प्रत्येक शाखा कशात ना कशात पहिली निघते आणि सगळ्यांचे शंभर होतात. आधी आलेखकागदावर करा. मी आज काढलेला कागद, टाचण्यांसकट, इथं टेबलावर ठेवतो. फोटो घ्या, फक्त दोरा ओढू नका, सैल झालाय.